झालरची खालची कड

पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात आलेल्या जनावराचं नाव दुसरं काय पडणार? ते लांब केसांचं गिनीपिग जमिनीवर बसलं की केस चारी बाजूंनी लोळायचे, पाय म्हणून दिसायचे नाहीत. म्हणून ती झालर.

पाठीच्या मधोमध सरळ भांग, दोन्हीकडे रेशमासारखे केस, आणि कपाळावरचेही पुढे येऊन तोंडावर पडलेले. नवख्याला पुढची बाजू कुठली नि मागची कुठली, पत्ता लागायचा नाही. नवरा बस चालवायचा. सुरुवातीला तो काकडीचा तुकडा खुशाल मागच्या बाजूला धरून बसायचा.

"हिला भूक नाही गं."

"अहो, तोंड इकडे आहे."

"मग पुढे एक दिवा लाव. माझ्या बसला असतो."

झालरच्या कमरेवर दोन भोवरे होते. या जातीला ते असतातच, केस तिथूनच पुढे वळतात. पण नवऱ्याचं म्हणणं वेगळं. "दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. हिचं एक तरी जमव."

बाई मात्र हसण्यावारी नेत नव्हती. छोट्या पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि लांब केसांच्या गटात तिला नंबर हवा होता. आजवर तिने शेकडो खिडक्या सजवल्या, पण पडदा बघून तो शिवला कुणी, असं कुणी विचारलं नव्हतं. एकदा तरी भोंग्यावरून आपला पुकारा व्हावा, एवढीच हौस. त्यासाठी वर्षभर ती रोज झालरला मांडीवर घेऊन विंचरायची, एकेक बट अस्तराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून रबर लावायची. केस महिन्याला पेरभर वाढत होते आणि बाईचा जीव हातभर. नियम एकच: केसांना कात्री लागलेली चालणार नाही. हा नियम तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तिने सगळ्या पुड्या सोडल्या आणि झालरला कापड बेतायच्या टेबलावर ठेवलं, कारण घरात चांगला उजेड तिथेच. विंचरून जरा मागे सरून पाहिलं. डावीकडची कड अंमळ लांब होती. कड वाकडी दिसली की तिचा हात तिला विचारत बसत नाही. कच्चकन आवाज झाला, तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. झालर गवत चघळत होती.

नवरा आला तेव्हा ती केसांचा झुबका मुठीत धरून उभी होती.

"काय झालं?"

"कापले."

"कुणी?"

"मी."

"अगं, कशाला?"

"सरळ नव्हते."

त्याला हसू फुटणार होतं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "तिथे कुणाच्या लक्षात येतंय?"

"कापलेली कड मी रस्त्यापलीकडून ओळखते. त्यांचा तर धंदाच हा."

तरी दुसऱ्या दिवशी दोघं गेलीच. सभागृहात नुसता कलकलाट, पिंजऱ्यांतून शिट्ट्या, वाळल्या गवताचा वास. परीक्षक बाईंनी झालरला फळीवर घेतलं, तोच ही म्हणाली, "बाई, डावीकडे कात्री लागलीय. माझीच. पडदे शिवते मी."

परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे कड सरळ केलीत?" त्या खो खो हसल्या. "मग या गटातून बाद. घरगुती गटात बसवा. तिथे कापलेले चालतात. जनावर निरोगी आहे का, मोकळं वावरतंय का, ते बघतात. पण असे लोळणारे केस तिथे नकोत."

"तो गट कधी आहे?"

"शेवटी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "वर्षाची मेहनत आहे गं," तो हळूच म्हणाला.

"केसच आहेत. वाढतील." पर्समधून कात्री निघालीसुद्धा. मग मात्र तिचा हात असा चालला, जणू पडदाच बेततेय. पोटाखालून, कानांमागून, शेवटी कपाळावरून. दोन काळेभोर, टपोरे डोळे बाहेर आले.

"अगं, हिला डोळे आहेत!" नवरा ओरडला.

झालरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि एकदम चारी पाय हवेत. हवेतच अंगाला हिसका देऊन ती उलट्या तोंडाने खाली आली, पुन्हा उडाली, पुन्हा. लाहीसारखी. भोवती माणसं जमली. एकजण आपलं केसाळ जनावर पुढे करून म्हणाला, "ताई, आमच्या सोन्यालाही काही दिसत नाही हो." त्याच्यामागे दोघी, त्यांच्यामागे आणखी कोणी.

कधी गट झाला, कधी झालर फळीवर जाऊन उड्या मारून परत आली, कात्री चालवणाऱ्या बाईला पत्ता नव्हता. भोंगा खरखरला आणि नवरा गर्दीतून वाट काढत आला. "अगं, चल, दुसरा नंबर आलाय. तुला पुकारतायत."

"अहो, थांबायला सांगा त्यांना," ती मान वर न करता म्हणाली, "याचा एक कान राहिलाय."