बाईंच्या फरशीतला समुद्र

शुद्धलेखन चुकेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली आणि अक्षर तर मुंग्यांच्या रांगेसारखं. पण पुण्यात राहून रोज समुद्रावर फिरून येणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे आमच्या बाई. कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, धायरीला एकट्याच राहायच्या. मी त्यांच्याकडे धुणं-फरशी करायचे. बाईंचा समुद्र घरातल्या शहाबादी फरशीत होता. "आपला इकडचा दगड लाव्हारसाचा, त्यात समुद्र कुठला? हा ट्रकमधून आलाय," असं सांगायच्या. मी ओलं फडकं फिरवलं की भिंग घेऊन माझ्या मागोमाग गुडघ्यांवर यायच्या, कारण ओल्या दगडात रेघा उठून दिसतात. "अगं, पंखा बंद कर, वाळेल!" काळसर बारीक रेघ दिसली की तेव्हा पाणी खोल होतं, जाळीसारख्या भेगा दिसल्या की पाणी हटून चिखल उन्हात तडकला होता, आणि त्यावर पुन्हा रेघ आली की समुद्र परत आला. यात शिंपले कसे नाहीत, असं मी एकदा भीतभीत विचारलं. "शिंपले जन्माला यायचे होते गं अजून," बाई म्हणाल्या, जसं काही शेजारणीच्या बाळंतपणाची वाट बघतायत.

त्यांच्या पर्समध्ये कायम एक लिंबू असायचं. दगड चुन्याचा आहे का बघायला त्यावर पिळायच्या आणि फसफसलं की लहान मुलीसारख्या हसायच्या. लोकांच्या फरश्यांवर डाग पडायला लागले, तेव्हा शेजारणी त्यांना चहा दारातच द्यायला लागल्या. एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्या खाली वाकल्या. कुडी पडली असेल म्हणून नवरदेवाच्या आईसकट दहाबाराजणी खाली बसून शोधायला लागल्या. "काय हरवलंय हो?" "काही नाही, सापडलंय. तुम्ही उभ्या होतात तिथं किनारा होता."

मग त्यांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. घराचं बाईंना काही वाटलं नाही. जीव अडकला होता तो स्वयंपाकघराच्या दारातल्या जाळीच्या फरशीत. "ही एवढी अख्खी काढून द्या." ठेकेदार म्हणाला, "आजी, नवीन चकाचक टाइल देतो की." "तुमच्या टाइलमध्ये समुद्र आहे का?" "स्विमिंग टँक आहे ना, सोसायटीत!" बाईंनी त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं.

फरशी काढायच्या दिवशी बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. गड्यानं पहार घातली, हळूच उचकटली, आणि फरशी आडवी सोलली गेली. एकीच्या दोन पातळ फरश्या झाल्या. ठेकेदारानं कपाळाला हात लावला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई मात्र ओरडल्या, "रडतेस काय, पाणी आण!" मी तांब्या ओतला. आतल्या बाजूला बारीक बारीक लाटा होत्या, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. बाईंनी माझा हात धरून त्यावर फिरवला. "गुडघाभर पाणी होतं इथं. हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. आपण दोघी पहिल्या."

जाळीची बाजू त्या लेकीकडे घेऊन गेल्या, लाटांची मला देऊन गेल्या. बाई आता नाहीत. फरशी माझ्याकडे माठाखाली आहे. उन्हाळ्यात माठ पाझरतो आणि वाळलेल्या लाटा एकेक करून वर येतात. मग कितीही उकडत असलं तरी मी उठून पंखा बंद करते.