वाळूत निजवलेला डेलिया

भगवंताने कुणाला गळा दिला, कुणाला वाणी दिली. कुरुळीच्या बन्सीला त्याने डेलियाच्या फुलांचे वेड दिले. चाकणच्या कारखान्यात प्रेस मशिनवर पत्रा कापणारे त्याचे हात घरी आले की मातीत शिरत, आणि मातीत शिरले की निवत. शेत कंपन्यांच्या कुंपणाआड गेले. अंगण तेवढे उरले. त्या अंगणात हिवाळाभर टपोरी फुले डोलत. पण बन्सीचा जीव गुंतला होता तो एकाच जातीत. गर्द जांभळी, आणि प्रत्येक पाकळीचे टोक दुधात बुडवून काढल्यासारखे पांढरे. ताथवड्याच्या एका वृद्ध माळ्याने ती दिली होती. माळी देवाघरी गेला. ती जात पुन्हा कुठे दृष्टीस पडली नाही. बन्सीपाशी तिच्या कंदांचा एकुलता एक गड्डा होता. हंगाम सरल्यावर त्याने तो जिन्याखाली, पाटीतल्या कोरड्या वाळूत निजवला.

आषाढातली एकादशी आली. पहिली शिफ्ट करून बन्सी फराळाला बसला. आई रतनबाईंनी ताटात वाफवलेल्या फोडी वाढल्या.

“आये, रताळी लई सपक लागत्यात.”

“तूच आणून ठिवली, अन् तूच नावं ठिव. जिन्याखालच्या वाळूतलीच हायेत.”

बन्सीचा घास हातातच राहिला.

रतनबाईंना तरी काय बोल लावावा? हळदीचे बेणे, आल्याचे बेणे त्यांनी जन्मभर वाळूतच राखले होते. वाळूत दिसले ते कंदमूळ, आणि कंदमूळ उपवासाला चालते.

“आये, त्यो माझा डेलिया व्हता.”

रतनबाईंनी हातातले पातेले खाली ठेवले. “म्या फूल शिजीवलं व्हय रं?”

बन्सीची पत्नी अनिता पदराआड हसू दाबीत होती. “पोटात कोंब फुटला तर सांगा. पाणी घालीन.”

बन्सी हसला नाही. कोंब फुटतो तो डोळा डेलियाच्या कंदावर नसतो. तो कंदाच्या मानेशी, जुन्या दांड्याच्या बुडाशी असतो.

“आये, वरचं दांडकं कुठं टाकलंस?”

“गायीम्होरं.”

तो उष्ट्या हाताने गोठ्याकडे धावला. मागोमाग सासू, तिच्यामागे सून. गाय रवंथ करीत शांत उभी. बन्सीने गव्हाणीत कडब्याखाली हात घातला, चाचपला, पुन्हा चाचपला. तळाशी ते सापडले. गायीने चाटून सोडलेले दांडके, आणि त्याच्या बुडाला लोंबणारा करंगळीएवढा कंद.

“जनावराला कळलं,” रतनबाई म्हणाल्या, “अन् मला न्हाई.”

दांडके कुंडीत लागले. त्या दिवसापासून राखण रतनबाईंची. सकाळी तुळशीला पाणी, मग कुंडीचे दर्शन. कोंबडी फिरकली की काठी. श्रावणात मातीतून हिरवे नाक वर आले, तेव्हा माउलीने साखर वाटली.

थंडीत कळ्या धरल्या. शेंड्यावर मधली एक आणि तिच्या दोन बाजूंना दोन. बाजूच्या खुडल्या तरच मधली ताटाएवढी होते. बन्सीला ओव्हरटाइम होता. त्याने हे काम आईवर सोपवले. त्यांचा हात धजेना.

“लेकुरवाळीची लेकरं खुडू व्हय?”

“आख्खा गड्डा खाल्लास, आये. दोन कळ्यांनी काय व्हतंय?”

रतनबाई हसल्या, हात जोडले, आणि कळ्या खुडून देव्हाऱ्यात वाहिल्या.

पौषातल्या एका सकाळी फूल उमलले. काय वर्णावे ते रूप! ओंजळीत मावेना, नजरेत मावेना. पाकळीमागे पाकळी, पाकळीआड पाकळी, जणू उमलणे संपूच नये असा त्याचा हट्ट. शिफ्टचे सोबती आले, आळी लोटली. कुणी म्हणे, तोडून प्रदर्शनात ठेवा. बन्सीने तोडले नाही. शेजारी पाट टाकून रतनबाई बसल्या होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या, “ह्याची आई म्या उपासाला खाल्लीया.”

उन्हाळ्यात गड्डा काढला तो मूठभर नव्हे, पाटीभर निघाला. प्रत्येक तुकड्याला एक डोळा राखून बन्सीने कापले आणि रतनबाईंनी आपल्या हातांनी घरोघर वाटले. ती जात आता एका पाटीच्या भरवशावर राहिली नाही. देताना त्यांचे सांगणे मात्र ठरलेले:

“वाळूत ठिवा. अन् घरातल्या म्हातारीला आधी दाखवा.”