गोली मामांची आरोळी

माझे मामा गोली म्हणून फुटबॉलच्या गोलात उभे राहिले की समोरच्यांचे पाय जड व्हायचे, असं गणेशगुडीत अजून सांगतात. सामने कापणी झालेल्या शेतात व्हायचे. भाताच्या खुंटांवर मामा बिनधास्त अंग टाकायचे. त्यांची कोपरं आजही खरखरीत आहेत. पण लोक जास्त बोलतात ते त्यांच्या आवाजाबद्दल. आपल्या खेळाडूंना ते गोलातून नुसत्या ओरडण्यावर नाचवायचे.

यंदा आमच्या गावच्या मुलींचा सामना रामनगरच्या मुलींशी होता. आदल्या दिवशी आमच्या गोलीचा हात मुरगळला आणि मामांनी मला तिच्या जागी उभं केलं. मला बॉल अडवता येतो, त्यांनीच अंगणात शिकवलंय. ओरडता मात्र येत नाही. इंग्रजी शाळेच्या हॉस्टेलात मी हळू बोलायलाच शिकले.

आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटची मिनिटं. आमच्याच मुली माझ्यासमोर दाटीने उभ्या, मला बॉल दिसेना. ‘प्लीज, बाजूला व्हा,’ म्हटलं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

गोलामागून मामा म्हणाले, “कुनाची मनधरणी करतीस गे? भातात डुक्कर शिरलंय समज.”

मी तोंड उघडलं. रानडुकरं हाकलायला शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून देतात ती आरोळी निघाली. “हुर्र होऽऽऽ!”

सगळा खेळ थांबला. बाजूच्या शेतात भात अजून उभा होता. आमच्या मुली तिकडे वळल्या, रामनगरच्याही वळल्या. त्यांच्याही घरी भाताचीच शेती. एक तर दगड उचलायला वाकली. बॉल एकटाच गडगडत माझ्या हातात आला.

“ही फसवणूक हाय,” त्यांची कॅप्टन पंचांना म्हणाली. पंचही भाताकडेच बघत होते. त्यांनी हसू दाबत रामनगरला फ्रीकिक दिली, तीही गोलाच्या अगदी जवळून.

माझा घसा आता मोकळा झाला होता. “डावीकडं सरका! अजून सरका गे!” आमच्या मुली सरकल्या. मला बॉल स्वच्छ दिसला. त्यांच्या कॅप्टनने तो खालून जोरात मारला. मी उजवीकडे झेपावले, कोपर खुंटावर घासलं आणि बॉल पोटाशी घट्ट धरला.

सामना संपल्याची लांब शिट्टी वाजली. मुली अंगावर येऊन पडल्या तरी मी “सरका, सरका” ओरडतच होते.

“पुरे गे आता,” मामा म्हणाले, “म्हशी बुजतील.”