कळमनुरीचा घण आणि माझा छत्तीसचा रोल

पैसे भरून मास्तरांची बोलणी खायची, ही माझी हौस. फोटोग्राफीच्या क्लासात त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "दुकानात काम करणारी माणसं कॅमेऱ्यात टिपून आणा. या वेळीही पोझ दिलेलेच फोटो आणलेत, तर पुढच्या बॅचला बसा!" साल २००३. माझ्याकडे छत्तीस फोटोंचा एकच रोल. नांदेडहून सकाळची एसटी धरली आणि निघाले कळमनुरीला.

जाणार असाल तर पुढची सीट पकडा, मागे हाडं खिळखिळी होतात. वारंगा फाट्यावर गरम भजी खा. आठवडी बाजाराचा दिवस मात्र टाळा, उभ्यानं जावं लागतं.

स्टँडमागे किसनमामांचं लोहारदुकान सापडलं. मामा बसून कुऱ्हाडीचं लालभडक पातं सांडशीत धरायचे, छोट्या हातोडीनं जागा दाखवायचे, आणि बरोब्बर तिथंच त्यांची बायको सखुमावशी उभ्यानं दणकन घण घालायची. अहाहा, काय ताल! मी कॅमेरा काढला मात्र, मामांनी मावशीच्या हातातला घण हिसकावला.

"काहून वो मावशी, मामा एकदम उठले?" मी त्यांच्याच भाषेत विचारायला गेले.

उत्तर मामांनी दिलं. "फोटो पाहून लोक म्हंतील, बायकोला घण मारायला लावून ह्यो बसून राहिला!"

"अहो, फक्त क्लासात दाखवायचेत."

"म्हंजे शिकलेले लोक हसतील. ते तर अजून वाईट."

झालं! मावशी मामांच्या जागी बसली आणि हातोडी टकटक करत हुकूम सोडू लागली. "हितं मारा. तिथं न्हाई वो, हितं! सकाळी जेवले न्हाई का?" मामांचा घण पातं सोडून ऐरणीवर. गिऱ्हाईकं पोट धरून हसत होती आणि मीही येडी, हसता हसता बटण दाबत राहिले. आकडा पाहिला तर चौतीस! सगळं नाटक. नवा रोल घ्यावा तर शेजारच्या स्टुडिओला कुलूप. गेली की हो माझी बॅच!

तेवढ्यात कुऱ्हाडीचा मालक वैतागला. "मामा, तुमचा खेळ होऊन राहिला, पन माझं काम खोळंबून राहिलं!" मामांना धाप लागली होती. त्यांनी मुकाट घण मावशीला दिला. दोघं कामाला लागले आणि मी तिथं आहे हेही विसरले. पस्तीस. छत्तीस.

मास्तरांनी छत्तिसावा फोटो उचलला, बाकीचे पाहून पोटभर हसले आणि मला पास केलं. आज घरी हे लिहिताना ते सर्टिफिकेट कुठल्या कपाटात आहे, देव जाणे. मनातून जात नाही ती, त्या फोटोची प्रिंट द्यायला परत गेले तेव्हाची मावशी. मामांनी फोटो पाहून "बराबर हाय" म्हटलं आणि मान वळवली. मावशीनं पदराला हात पुसून तो घेतला. लग्नातल्या मान खाली घातलेल्या फोटोनंतर हा तिचा पहिलाच. खूप वेळ बघत राहिली.

"बाई, लई ताकद हाय वो हिच्यात," ती फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवून म्हणाली. "मला कुनी सांगितलंच न्हाई."