थोरल्या दिरासमोरचा माईक

कौतिका रेडिओवर बोलायला तयार झाली, पण एकटी जायला नाही. म्हणाली, "आक्का, तुमी चला. तुमाला कुणाची भीती न्हाई." मी म्हटलं, भीती हाय, दात न्हाईत, म्हणून लोकांना वाटतं ही आता चावायची नाही. गेले बरोबर. हे मी सांगते आहे आणि नात टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही, तिला भाकरी येत नाही. फिट्टंफाट.

आमची मेंढरंवाल्यांची वस्ती गावाबाहेर. टँकर आला की ड्रायव्हर पाइप विहिरीत सोडतो आणि सगळ्या बाया-पोरी काठावर उभ्या राहून पोहरे टाकतात. काठ चिखलाचा. मागच्या उन्हाळ्यात कौतिकाची शाळेत जाणारी पोर पोहऱ्यासकट आत गेली. वर आली ती दोर लावून सोडलेल्या खाटेवरच, जीव गेलेली.

गावच्या दूध सोसायटीत आता दूध येत नाही, कारण जनावरंच विकली गेली. सोसायटीच्या दोन मोठ्या टाक्या शेडात पालथ्या पडून आहेत. एक वस्तीवर द्या, तोटी लावा, टँकर तीत रिकामा होऊ द्या. रेडिओवर कौतिकाला एवढंच मागायचं होतं.

तेलगावहून बीडची एसटी सकाळचीच धरा, नंतर पत्रा तापतो. बायांना अर्धं तिकीट, माझ्या वयाला तेही नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, आधार दाखवा."

"तोंडाकडं बघ की."

"तोंड चालत न्हाई, कार्ड लागतं."

दोन्ही बाजूंना पऱ्हाट्यांची खोडं आणि वाळून गेलेला ऊस. एका नदीत बाया वाळू उकरून वाटीनं पाणी भरत होत्या. वडवणीला गाडी थांबली. भजी तेलकट, चहा बरा. पाणी मागितलं तर हॉटेलवाला म्हणाला, "बाटली घ्या, मावशी. ग्लासातलं बंद केलंय." कौतिकानं भज्याला हात लावला नाही. वाटभर ओठ हलवत होती, बोलायचं पाठ करत होती.

रेडिओची खोली गारेगार आणि भिंतींना गाद्या लावलेल्या. आमच्यात गाद्या निजायला असतात. तिथली पोरगी गोड होती. म्हणाली, "दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणून सोसायटीच्या चेअरमननाही बोलावलंय." आणि दिगंबर आत आला.

दिगंबर म्हणजे कौतिकाच्या नवऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. आमच्यात बाई थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. कौतिकानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. पोरीनं तीनदा विचारलं, "ताई, तुमची मागणी काय?" ताई गप्प. दिगंबरही खाली बघत बसला. पाठ केलेलं सगळं पदराआड अडकलं.

मग तिनं माझा हात धरला आणि मलाच म्हणाली, "आक्का, त्यांना सांगा, शेडातली एक टाकी वस्तीवर द्या."

दिगंबरही माझ्याकडंच बघून बोलला. "आक्का, तिला सांगा, टाकी माजी न्हाई, सभासदांची हाय. सभा घ्यावी लागंल, ठराव लागंल."

"त्यांना सांगा, सभासदांच्या दारात बोअर हायेत. त्यांच्या पोरी विहिरीवर येत न्हाईत."

रेडिओवाली म्हणाली, "तुम्ही थेट त्यांच्याशी बोला ना." मी म्हटलं, "बाळा, चाललंय ते चालू दे. ऐकणाऱ्याला ऐकू येतंय."

"आक्का, त्यांना सांगा, गाद्या-गिरद्यांचं घर हाय त्यांचं. तितं बसून इचार करा म्हणावं, पोर कुणाची गेली."

मग दिगंबर म्हणाला, "आक्का, तिला सांगा, पोर माजी बी पुतनी होती. खांदा मी बी दिलाय." तरी टाकी देतो असं काही तो म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत कौतिका गाढ झोपली. मी तिचं डोकं धरून बसले, खिडकीचा गज लागू नये म्हणून.

कार्यक्रम लागला. वस्तीनं मोबाइलवर ऐकला, गावानंही. पारावरची माणसं म्हणाली, "बाई धीराची हाय." तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी बोलायला जाणार असाल, तर आधी विचारा की समोर कोणाला बसवणार आहात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण नाती त्यांना माहीत नसतात.

दिगंबरनं सभा बोलावली, खोटं कशाला सांगू. दोनदा बोलावली. दोन्ही वेळेला कोरम भरला नाही. निम्मे सभासद दुष्काळानं पुण्याकडं कामाला गेले आहेत, आणि ते आल्याशिवाय ठराव होत नाही म्हणे. टाक्या पालथ्याच आहेत.

टँकरचा हॉर्न वाजला की आता कौतिका सगळ्यांच्या आधी विहिरीवर असते. पोहरा टाकत नाही. जुनं लुगडं फाडून दोरासारख्या पिळ्या केल्यात तिनं. एकेका पोरीच्या कमरेला एक टोक बांधते, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि दगडाला पाय देऊन मागं रेलून उभी राहते. पोरी पाणी भरून निघून जातात. तोवर तळाला गाळ उरतो, आणि ती रिकामा हंडा घेऊन घरी येते.