पेडल वर येईना

त्या आठवड्यात मी रोज सकाळी घाबरायचे आणि कुणाला सांगायचे नाही. मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये पाण्याचे जार पोचवायचा माझा धंदा. एक छोटा पिकअप, चालवणारी मीच. थंडीचे दिवस होते. सकाळी गाडी सुरू केली की क्लचचं पेडल दाबलं जायचं, पण वर यायचं नाव घ्यायचं नाही. बुटाचं टोक खाली घालून ओढावं लागायचं.

दोनदा कांजूरमार्गला मेकॅनिककडे नेली. जार उतरवून तिथे पोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि तिथे पेडल एकदम शहाणं! “ताई, गाडी झकास आहे. तुमचा पायच घाबरतोय,” म्हणून तो हसला. असा राग आला मला! पण वाटलं, असेलही, माझंच काहीतरी चुकत असेल.

आमच्या गेटसमोरची गल्ली अरुंद, पलीकडे दुसऱ्या सोसायटीची भिंत. मी गाडी बाहेर काढताना बाबा त्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि हात हलवत “येऊ दे, येऊ दे” करायचे. सत्तरी ओलांडली तरी ही ड्युटी त्यांचीच. त्या दिवशीही उभे होते. मी पहिला गिअर टाकला, पाय उचलला. पेडल खालीच. गाडी हलेना म्हणून मी बावळटासारखं ॲक्सिलरेटर दाबला, आणि पेडल धाडकन वर आलं.

गाडीनं उडी मारली. बाबांचा चेहरा काचेत एकदम मोठा झाला. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी आचके देऊन बंद पडली. बाबांचे दोन्ही तळवे पुढच्या पत्र्यावर होते, बंपर आणि त्यांच्या गुडघ्यांत वीतभरही जागा नव्हती. “थांब गं,” ते हळूच म्हणाले.

फोनवर मी इतकी ओरडले की मेकॅनिक तासाभरात दारात. त्यानं क्लचची केबल काढून वाकवली. आतून पांढरं, घट्ट काहीतरी बाहेर आलं. त्यानं वास घेतला. “ताई, ह्यात खोबरेल कोणी घातलं?”

मी. दुसरं कोण! पेडल कुरकुरायचं म्हणून मीच ओतलं होतं. आमच्या कोकणी घरात दाराची बिजागरी असो की शिवणाचं मशीन, कुरकुरलं की खोबरेल. ते सकाळी केबलमध्ये थिजायचं, दुपारी इंजिन तापलं की वितळायचं. केसांना लावायची बाटली मी रोज गरम पाण्यात ठेवत होते, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. अर्ध्या वाटी तेलापायी बाप माझ्या हातून गेला असता.

मी रडत बाबांना सांगितलं. “बरं झालं, कारण सापडलं,” ते म्हणाले. एवढंच.

नवी केबल बसवली. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा भिंतीला पाठ लावून हजर. “येऊ दे.”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बाबा, बाजूला व्हा ना!”

“बाजूला झालो तर तुझ्या मनात कायमची भीती बसेल. ये.”

मी इंजिन बंद केलं, उतरले, त्यांना हाताला धरून शेजारच्या सीटवर बसवलं. म्हटलं, समोर दाखवायला कुणी नको, आरसा भिंतीला घासला तर घासू दे. गाडी वळवून सरळ केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड गच्च धरून ते बसले होते. डोळे घट्ट मिटलेले.