जन्माचं इसब आणि मेडिकलची ट्यूब

रूपाली कांबळेला लहानपणापासून इसब. कोपरांच्या घडीत, गुडघ्यांच्या मागं, मानेवर. आईनं कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळी घातल्या, शेजारच्या बयाबाईंनी वांगं बंद करायला लावलं. खाज तेवढ्यापुरती दबायची आणि थंडी पडली की दुपटीनं उठायची.

लग्नानंतर ती जयसिंगपुरात बालवाडीवर शिकवू लागली. एकदा एका पोराच्या आजीनं दारातच तिचा हात निरखला आणि नातवाला मागं ओढलं.

"बाई, गजकर्ण हाय व्हय तुम्हास्नी? पोरास्नी लागंल की!"

"लागत न्हाय ओ आजी. इसब हाय, जन्माचं."

"समदी असंच म्हणत्यात."

रूपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी तिनं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत चट्टे गायब! पण लावायचं थांबवलं की आग उसळायची, म्हणून पुन्हा लावायचं. यातच वर्षं गेली. घडीतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, तिच्यावर लालजांभळ्या रेघा उमटल्या.

शेवटी नवरा, संघर्ष, तिला कोल्हापुरात चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बाईंनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली.

"यात जोरदार स्टेरॉइड आहे. थोड्या दिवसांचं औषध तुम्ही वर्षानुवर्षं लावलंत?"

"मग मला सांगायचं कुणी, मॅडम? विकणारा देत गेला, मी लावत गेले!"

बाईंनी ट्यूब बाजूला ठेवली. मग विचारलं, "घरात कुणाला दमा?"

"वडलांना होता."

"मग हे अंगातलंच आहे, दम्यासारखं घराण्यातून आलेलं. मुळासकट जाणार नाही, आटोक्यात राहील." त्यांनी सौम्य मलम लिहून दिलं, तेही चट्टे उठतील तेव्हाच, थोडे दिवस. आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन, रोज.

"रोज म्हणजे? जन्मभर?"

"हो."

जुनी ट्यूब सुटल्यावर हात आगीत धरल्यासारखे पेटले. तिची तडफड बघून संघर्षच डगमगला. "लाव की गं एकदा ती जुनी. बघवंना मला."

"तुला बघवंना, आणि मी सोसतेय त्याचं काय?" म्हणत तिनं ट्यूब मोरीत पिळून रिकामी केली.

आग हळूहळू निवली. इसब मात्र गेलं नाही. दर हिवाळ्यात मान पुन्हा खाजायची. अशा वेळी पोरांना गाणं म्हणायला लावून ती फळ्याकडं तोंड करायची आणि दात आवळून मनगटानं मान घासायची.